ओल्या पाटीचा वास

आमच्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘सार’ म्हणत आणि पाठीमागे ‘मूक्कु सार’. मूक्कु म्हणजे तमिळमध्ये नाक. त्यांचं नाक तसं चारचौघांसारखंच होतं, जरा बसकं, मधोमध चष्म्याचा वळ. पण त्या नाकाची त्यांनी जी बडदास्त ठेवली होती, तशी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

कंपनीची बस सकाळी चेन्नईतल्या एग्मोरहून सुटायची आणि अण्णा नगरवरून गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत जायची. ते एग्मोरलाच चढत. मी अण्णा नगरला चढेपर्यंत त्यांचा कार्यक्रम अर्ध्यावर आलेला असे. मांडीवर इस्त्रीचा रुमाल पसरलेला, त्यावर कापसाच्या काड्या, काडेपेटीएवढा आरसा आणि लेबल नसलेली एक ट्यूब. काडीवर मुगाच्या दाण्याएवढं जेल घेत, एका नाकपुडीत आतल्या कडेनं वळसा देत, मग दुसरीत. मग चिमटीत नाक धरून, डोळे मिटून बसत. थोड्या वेळानं डोळे उघडून शेजारच्याला सांगत, “सरी, ठीक आहे. दार लावून झालं.”

ते जेल आमच्याच कारखान्यात व्हायचं. नाकाच्या आत त्याचा पातळ थर बसतो, श्वासाबरोबर आलेला विषाणू त्यात अडकून राहावा आणि खालच्या पेशींपर्यंत पोचू नये, अशी त्यामागची कल्पना. कंपनी लहान, माणसं साठ-सत्तर. जेल सारांनी स्वतः तयार केलं होतं आणि प्रयोगशाळा त्यांच्याच ताब्यात होती. मी सांगलीहून नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईला आलेली. ट्यूबवरचा मजकूर आणि आतला माहितीचा कागद लिहिणं हे माझं काम.

मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या अर्जावरचं आडनाव वाचून त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, “घरीं कोण कोण अहांत?”

मी गडबडले. चेन्नईत मुलाखतीला मराठी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं, आणि हे मराठीही वेगळंच होतं. एखादा जुना कागद कुणी तमिळ हेल काढून वाचावा तसं.

“अमी तंजावरचे,” ते म्हणाले. “घरांत हेंच बोलतों. म्हणजे बोलत होतों. आतां कोणाशीं बोलावं?”

मी सांगितलं, नवरा आहे आणि आई आहे. आईची किडनी बदललेली आहे, त्यामुळे तिला रोज प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घ्यावी लागतात, आणि साधा सर्दी-खोकलाही तिला झेपणार नाही. त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. नोकरीबद्दल काहीच विचारलं नाही. उठताना म्हणाले, “उद्यां या, मा.” तिकडे बाईमाणसाला आदरानं ‘मा’ म्हणतात.

प्रयोगशाळेत त्यांनी एक काचेची फळी तिरकी बसवली होती. तिच्यावर शेंबडासारखं एक द्रावण पसरायचं, वर जेलचा ठिपका ठेवायचा आणि तो किती वेळात खाली घसरतो ते बघायचं. हे बघणं ते यंत्रावर सोडत नसत. स्टूल ओढून फळीसमोर बसत आणि तासन्‌तास त्या ठिपक्याकडे पाहत. ठिपका हलला की कपाळाला आठी पडे. एकदा विक्री विभागाच्या माणसानं सुचवलं, यात थोडा पुदिना किंवा निलगिरी घाला, लोकांना थंड लागलं की बरं वाटतं. सार त्याच्याकडे न बघता म्हणाले, “थंड लागलं कीं लोकांना वाटतं अमी वाचलों. मग मास्क काढितात. होणा.” होणा म्हणजे त्यांच्या भाषेत नको.

लेबलावरूनही तसंच झालं. मालकांना ‘विषाणूंपासून संपूर्ण संरक्षण’ असं हवं होतं. मी तसं लिहून सारांच्या सहीसाठी नेलं. त्यांनी आधी ‘संपूर्ण’ खोडलं. थोडा वेळ थांबून ‘संरक्षण’ खोडलं. शेवटी त्यावर उरलं ते एवढंच, की विषाणू नाकात शिरण्यास अडथळा करण्यास मदत. मालक स्वतः खाली आले.

“सार, असं लिहिलं तर कोण घेणार?”

“ज्याला पाहिजे तो घेईल. तोंड उघडं आहे, त्याचं काय? डोळे आहेत. घरांतलं माणूस आहे, त्याचं काय?”

घरातलं माणूस मध्येच कुठून आलं ते मालकांना कळलं नाही. मलाही नाही. मालक चिडून गेले, पण लेबल सारांनी म्हटलं तसंच छापलं गेलं.

आता बसची गोष्ट सांगते.

सार नेहमी दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसत. पण मधूनच एखाद्या दिवशी ते उठून मागे जात. कुणाला काही न बोलता डबा उचलत आणि दोन-तीन रांगा मागे जाऊन बसत. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, ऊन लागत असेल. मग एके दिवशी पॅकिंगची सुपरवायझर सेल्वी त्यांच्या शेजारी बसली होती. ती धिप्पाड आणि हसरी, तिचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं. ती बोलत असतानाच सार उठले आणि थेट शेवटच्या रांगेत गेले. सेल्वी हसून म्हणाली, “सारांना माझी बडबड सोसत नाही.” तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशी कळलं की तिला ऑक्सिजन लावलाय. ती बरी होऊन आली, पण महिना गेला.

त्या महिन्यात ड्रायव्हर मुरुगेसननं मला सांगितलं, “मॅडम, हे तुम्ही आज बघताय. मी दोन वर्षं आरशात बघतोय. सार ज्याच्याजवळून उठतात, तो आठवड्यात आजारी पडतो.”

मी म्हणाले, तीस माणसांच्या बसमध्ये कुणी ना कुणी आजारी पडतंच. जे खरं ठरतं ते लक्षात राहतं, बाकीचं आपण विसरतो.

मुरुगेसन म्हणाला, “मीही माझ्या बायकोला असंच सांगतो.”

पण बसमध्ये ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सार चढले की गप्पा खाली येत. ते नुसते चष्मा पुसायला हलले तरी शेजारचा माणूस ताठ होई. स्टोअरमधल्या एकाच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. तो त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, सार, दोनच मिनिटं माझ्याजवळ बसा, मांडवात शेकड्यानं माणसं येणार आहेत. सारांनी ट्यूब काढली आणि सकाळी लावलेलं असतानाही पुन्हा दोन्ही नाकपुड्यांत जेल भरलं, इतकं की पुढं तोंडानं श्वास घेऊ लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे जेल ते विषाणूसाठी लावत नसावेत.

त्याचा उलगडा त्यांच्या घरी झाला. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. आईलाही घेऊन या म्हणाले नाहीत, उलट, आणू नका असंच म्हणाले. एग्मोरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. भर दुपार, तरी आत पाऊल टाकल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते पानावर बसेपर्यंत कळलं नाही. त्या घरात कसलाच वास नव्हता. स्वयंपाक त्यांनीच केला होता, फोडणी दिलेली दिसत होती, देवापुढे फुलं होती, पण उदबत्ती नाही, कापूर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. दिवाणखान्यात पंख्याखाली एक गुंडाळलेली चटई भिंतीला लावून ठेवली होती. आत झोपायची खोली होती, तिचं दार बंद. दाराच्या फटींत काहीतरी चकाकत होतं. जवळून जाताना दिसलं, फटी जेलनं भरलेल्या होत्या. वरपासून खालपर्यंत, नीट बोटानं लिंपल्यासारख्या. वाळलेल्या थरावर ताजा थर होता.

मी बघितलं ते त्यांनी पाहिलं.

“सुकतं,” ते म्हणाले. “दर आठवड्याला लावावं लागतं.”

जेवण झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. साथीच्या पहिल्या वर्षी हे जेल नुकतंच तयार होत होतं. कारखाना बंद नव्हता, त्यांना रोज जावं लागे. येताना ते नमुन्याच्या ट्यूब घरी आणत आणि रोज सकाळी आपल्या हातानं बायकोच्या नाकाला लावत. ती थट्टा करायची, लग्नात नथ घातली नाहीत, आता हे घालताय.

“एक दिवस संध्याकाळीं घरीं आलों. ती पान मांडीत होती. मज वास आला. लहानपणीं शाळेंत पाटी असे कीं नाहीं, ओल्या फडक्यानं पुसली कीं एक वास येतो. तो. घरांत पाटी कुठून येणार? मी विचारलंसुद्धां नाहीं. रात्रीं चटई उचलून इथं पंख्याखालीं येऊन निजलों. ती म्हणाली, कां हो, तिकडं कां निजलांत? मी म्हणालों, उकडतंय. खरंच मज तसंच वाटलं, मा. उकडतंय असंच वाटलं.”

खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या.

“दुसऱ्या दिवशीं मी तसाच कामाला गेलों. तिच्या जवळ जाववेना. दारांतून म्हणाली, आज माझ्या नाकाला लावायला विसरलांत. मी म्हणालों, आल्यावर लावितों. त्याच्या पुढच्या दिवशींही तेंच. पांचव्या दिवशीं तिला घेऊन गेले. मी त्यांच्या गाडीपर्यंतसुद्धां गेलों नाहीं. वास जिन्यापर्यंत येत होता.”

“सार, तुम्ही लावलं असतं तरी...” मी म्हणाले.

“तें लावून ती वाचली असती, असं मी कुठंही सही करून देणार नाहीं. तेवढं तें जेल मोठं नाहीं. पण लावायचं राहिलं, यावर सही करीन.”

तेव्हापासून तो वास त्यांना येऊ लागला. बसमध्ये, बाजारात, देवळाच्या रांगेत. कधी एका माणसाचा, कधी रांगच्या रांग. जेल दाट लावलं की कमी यायचा, म्हणून ते जेल आणखी दाट करत गेले आणि कंपनीला वाटत राहिलं की सार उत्पादन सुधारतायत. मी त्या बंद दाराकडे पाहून विचारलं, तिथं अजून येतो का? ते म्हणाले, “उघडून कोण बघणार?”

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं असतं तरी पंचाईत होती. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. ओल्या आजीचा वास येतो म्हटलं असतं, तर सगळी बस हसली असती आणि मग कुणीच हसलं नसतं.

त्यानंतर थंडीच्या सुरुवातीला शहरात पुन्हा तापाची लाट आली. घरोघर खोकला. मी आईच्या खोलीत जाताना मास्क घालायची, तिला सकाळ-संध्याकाळ आमचं जेल लावायची, आणि तरी बसमध्ये चढताना आधी सारांकडे बघायची. त्या आठवड्यात ते रोज माझ्या शेजारी येऊन बसू लागले. बोलत नसत. मांडीवर रुमाल नाही, आरसा नाही. चेहरा ओढलेला, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, यांनाच बरं नाही. चौथ्या दिवशी रेड हिल्सच्या पुढे ते अचानक उठले आणि पलीकडच्या रांगेत जाऊन उभे राहिले. सगळ्या बसनं माझ्याकडे पाहिलं.

“मा,” ते तिथूनच म्हणाले. “आज घरीं जाऊं नका.”

“मला काही होत नाहीये, सार.”

“कालपर्यंत नव्हतं. आज आहे. घरीं आई अहांत. नवऱ्याला फोन करा. आईंच्या खोलींत कोणी जाऊं नये, आणि तुम्ही गेस्टरूमवर राहा.”

मग मला ते कळलं. मी विचारलं, “तुम्ही जेल लावलं नाही?”

“चार दिवस लावलं नाहीं.”

चार दिवस हा माणूस माझ्यासाठी त्या बसमध्ये उघड्या नाकानं बसला होता. किती जणांचा वास त्यांना आला असेल, ते मी विचारलं नाही. मी कारखान्याच्या गेस्टरूमवर राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणठणीत होते आणि मला शरम वाटू लागली होती की शिकलेली बाई असून कशाच्या नादी लागले. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. तपासणीत जे यायचं ते आलं. दहा दिवस पडून होते. नवऱ्यालाही काही झालं नाही आणि आई सुखरूप राहिली. ती अजून आहे.

मी परत रुजू झाले तेव्हा सार पुन्हा पहिल्या सीटवर होते, रुमाल पसरलेला, काडी हातात. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, “त्याविषयीं बोलूं नका. दार लावलेलं आहे.”

डिसेंबर अर्धा सरला, तमिळ मार्गळी महिना लागला. सकाळी घरांपुढे कोलमच्या रांगोळ्या, रस्त्यावर धुकं. अशाच एका सकाळी मी चढले तर सार पहिल्या सीटवर नव्हते. तिसऱ्या रांगेत होते. मी बसेपर्यंत ते उठून पाचव्या रांगेत गेले. तिथून सातव्या. बस चालू होती आणि ते आधाराच्या दांड्या धरत सीटमागून सीट बदलत होते. ज्याच्याजवळून उठत तो पांढरा पडे. हिशेब विभागातली मुलगी रडायला लागली. कुणीतरी ओरडलं, बस थांबवा. शेवटच्या रांगेत ते क्षणभर बसले, तिथून पुन्हा उठले आणि पुढे येऊ लागले. सगळी बस संपली होती. आता बदलायला सीट राहिली नव्हती.

ते माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. नाकाखाली जेल चकाकत होतं. तोंडावर रुमाल दाबून त्यांनी आधी तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “कुणी घाबरू नका. तुमच्यापैकी कुणी नाही.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “जिथं बसतों तिथं येतोय, मा. माझाच आहे.”

मुरुगेसननं बस एका चहाच्या टपरीजवळ उभी केली. सार उतरले. मी उठले, तर त्यांनी हात केला. “तुम्ही होणा. आई अहांत.” मी बसले. खरं सांगायचं तर मला बसायला सांगितलं याचं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं आजही माझ्या डोक्यातून जात नाही. बस तशीच उभी. तीस माणसं खिडक्यांतून बघत होती आणि कुणी हलत नव्हतं. मग मागून सेल्वी आली. तिनं एकावर एक दोन मास्क चढवले, त्यांचा सीटवर राहिलेला डबा उचलला आणि उतरून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. सार तिला हातानं दूर हो म्हणत होते. ती दूर झाली नाही. बस निघाली.

कंपनीनं रुग्णवाहिका पाठवली ती अर्ध्या तासानं पोचली. तेवढा वेळ ती दोघं रस्त्याच्या कडेनं थोडी चालली, थोडी बसली. सार अकराव्या दिवशी गेले. मधुमेह होता, वय होतं, डॉक्टरांनी दोन्ही कारणं लिहिली. त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं. घर उघडायला मालक आणि इमारतीचा सेक्रेटरी गेले. ती आतली खोली त्यांनी उघडली की नाही, हे मी विचारलं नाही.

सेल्वीला काही झालं नाही. पुढं एकदा आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत बसलो होतो, तेव्हा मी तिला विचारलं, त्या अर्ध्या तासात सार काही बोलले का?

“पहिल्यांदा फार घाबरले होते,” सेल्वी म्हणाली. “मला सारखे सांगत होते, वारा येतो त्या बाजूनं चाल. मग टपरीवर बसले. मी कॉफी आणून दिली. एक घोट घेऊन मला म्हणतात, हा माणूस यात कॉफी घालायलाच विसरला. कधी थट्टा न करणारा माणूस, मॅडम. मला इतकं बरं वाटलं. मग नाकानं मोठा श्वास घेतला, दोनदा घेतला, आणि हसले. म्हणाले, सेल्वी, वास गेला. सगळा गेला. मी म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हते का, उगाच भीती घेतलीत. मग गाडी येईपर्यंत ते शांत बसून होते. घाबरले नाहीत. ते एक देवानं बरं केलं.”

आजाराच्या लक्षणांचा कागद आमच्या कारखान्यात मी लिहिते. वास जाणं त्यात वरून तिसरं आहे.

“हो,” मी सेल्वीला म्हणाले. “बरं झालं.”